दिवा लागल्यावरचा राम

माणसाने विस्तव शोधला, चाक शोधलं, ह्याचं लोकांना उगाच कौतुक. माझ्या मते माणूस खरा माणूस झाला तो शिक्षा शोधून काढली त्या दिवशी. चुका काय, वानरंही करतात. पण चुकीला नेमकी शिक्षा ठरवायची, ती लिहून ठेवायची आणि वेळ आली की निमूटपणे भोगायची, ह्यावर सगळी संस्कृती उभी आहे. हा थोर विचार मला सुचला तेव्हा मी एका भाताच्या गिरणीत, कोंड्याच्या पोत्यावर, हातात गंजिफाच्या पत्त्यांतली वराह अवताराची नव्वी घेऊन बसलो होतो, आणि मला बोलायची बंदी होती. बंदी नसती तर मी एवढंच म्हणालो असतो, की मला घरी जाऊ द्या.

त्याला आता पन्नासावर वर्षं झाली. तेव्हा मी हिवताप निर्मूलनाच्या खात्यात होतो. दर पंधरवड्याला ठरलेल्या गावांत घरोघर जायचं, "ताप?" असं विचारायचं, "हो" म्हणेल त्याचं बोट टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि दारामागच्या भिंतीवर तारीख घालून सही करायची. लोक मला डॉक्टर म्हणत. मी त्यांना अडवत नसे.

कोंडवेळ हे गाव मला नव्याने दिलं होतं. सावंतवाडीपासून एसटीने दोन तास, मग खाडीकाठाने पायवाट. गावाच्या टोकाला आसोलकरांची भातगिरणी आणि गिरणीला लागूनच त्यांचं घर. मी गेलो तो बुधवार होता. बुधवारी गावात वीज नसायची, म्हणून गिरणी बंद. आत एक गुबगुबीत गृहस्थ पोत्यावर बसून चाळणीची जाळी शिवत होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि त्याच्या शेजारी पावसात डोक्यावर घ्यायची गोणपाटाची खोळ निथळत टांगलेली होती.

"ताप?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मान हलवली नाही, हात हलवला नाही. पुन्हा सुई घातली.

"पंधरा दिवसांत थंडी वाजून ताप आला होता का?"

काही नाही.

"त्याला नाही ताप," मागून आवाज आला. घराच्या दारात चाळिशीची एक बाई उभी होती. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात सूप. "तो माझा धाकटा भाऊ, आत्माराम. तो बोलत नाही."

"मुके आहेत का?"

"नाही. शिक्षा आहे."

मी सरकारी नोकर. शिक्षा म्हटल्यावर मी वही काढली. "किती वर्षांची?"

"डाव संपेपर्यंतची," ती म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडू लागली.

त्या बाईचं नाव सुभद्रा. गावात सगळे सुभद्राक्का म्हणत. मला पितळी पेल्यातून चहा देऊन तिने जे सांगितलं ते मी वहीत लिहिलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता.

त्यांच्या घरात गंजिफा खेळत. गोल पत्ते, लाखेने रंगवलेले, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाला राजा, प्रधान आणि खाली दहा पानं. खेळायला तिघे लागतात. दिवसा डाव बसला तर रामाचं राज्य, उतारी रामाने करायची. संध्याकाळी घरात दिवा लागला की रामाचं राज्य संपतं आणि कृष्णाचं सुरू होतं. मग उतारी कृष्णाने. माझं आजोळ सावंतवाडीचं, म्हणजे वाडीचं, त्यामुळे एवढं मला माहीत होतं. माहीत नव्हत्या त्या ह्या घरच्या शिक्षा. त्या त्यांच्या आजोबांनी पत्त्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून काळ्या शाईने लिहून ठेवल्या होत्या. सुभद्राक्काने झाकण आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

'दिवा लागल्यावर रामाची उतारी करील त्याने डाव संपेपर्यंत तोंड उघडू नये. लिहिणे व खुणावणे हेही बोलणेच समजावे. शिक्षेत असता बोलेल त्याची हातची सर्व पाने जळाली, म्हणजे बाद.'

"बारा वर्षांमागे ह्याच दिवसांत तिघे बसले होते," ती म्हणाली. "अण्णा, म्हणजे थोरला भाऊ. हा आत्मा. आणि आमचे हे."

"हे?"

"माझे यजमान. मनोहर कुडतरकर. लग्न झाल्यापासून इथेच, गिरणीतच काम बघायचे. तिन्हीसांजेला मी दिवा लावला. आत्म्याचं लक्ष नव्हतं. त्याने रामाचा राजा टाकला. अण्णाने झाकण दाखवलं, आत्मा गप्प झाला. हे म्हणाले, 'पाणी पिऊन येतो.' पानं पालथी ठेवली आणि उठले." तिने चहाचा पेला माझ्या हातातून घेतला. "पाण्याचा तांब्या तिथेच राहिला. भरलेला."

"आणि ते?"

तिने खुंटीकडे पाहिलं. खुंटीवर एक काळी छत्री टांगलेली होती. मुठीला हळदकुंकू लावलेलं, खाली ताजं जास्वंदीचं फूल.

"चौथ्या दिवशी ही खाडीच्या धक्क्यावर मिळाली."

"उघडी?"

"मिटलेली. दगडाला नीट टेकवून ठेवलेली."

"बुडायला निघालेला माणूस छत्री मिटून ठेवील?"

"ते नीटनेटके होते," सुभद्राक्का म्हणाली.

छत्री त्यांचीच कशावरून, असं विचारणार होतो, पण तिनेच सांगितलं. अण्णाने वाडीच्या बाजारातून घरातल्या तिन्ही पुरुषांना एकसारख्या छत्र्या आणल्या होत्या. ही त्यांतलीच.

"आणि डाव?"

"तिसरा नाही तर डाव संपेल कसा?" तिने पेटी उघडली. आत खेळून झालेल्या पानांची चळत, आणि लाल मांजरपाटाच्या तीन लहान पुरचुंड्या. प्रत्येकात सतरा पानं, ज्याची त्याने बांधलेली. यजमानांची तेवढी तिने बांधली होती. कोपऱ्यात एकच पान उताणं पडलं होतं. रामाचा राजा. बारा वर्षं तो छताकडे बघत होता.

मी आत्मारामाकडे पाहिलं. तो जाळी शिवत होता. ह्या माणसाने बारा वर्षं तोंड उघडलं नव्हतं. पहिली दोन वर्षं तर गावाला कळलंही नव्हतं, कारण गिरणीत कोणीच बोललेलं ऐकू येत नाही. हवालदार चौकशीला आला तेव्हा अण्णाने त्याला झाकण वाचायला दिलं. हवालदारही गंजिफा खेळणारा निघाला. "नियम म्हणजे नियम," म्हणून तो परत गेला. जेवताना आत्मारामाने पानावर हात आडवा धरला, तर अण्णा म्हणे, "खुणावतंस." त्यामुळे बारा वर्षं तो वाढलेलं सगळं खात आला होता. ते दिसत होतंच.

"एवढा हट्ट? सतरा पानांसाठी?"

"पहिले चार दिवस हट्ट असेल," ती हळू आवाजात म्हणाली. "बारा वर्षं हट्ट नसतो, डॉक्टर. आत्मा तेव्हा दाराकडे तोंड करून बसला होता. अण्णाची दाराला पाठ होती. आत्म्याने काहीतरी बघितलं आहे."

गिरणीचा पट्टा वाऱ्याने थोडा हलला आणि करकरला. आत्मारामाची सुई थांबली, पुन्हा चालू झाली.

"सोमवारी बारा वर्षं पुरी होतात," ती म्हणाली. "बारा वर्षं पत्ता नसला की माणूस गेला असं धरतात. भटजी येणार. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला यजमानांचं नाव द्यायचं, आणि जाळायचा. मग हे पुसायचं." तिने कपाळाकडे बोट नेलं, लावलं नाही. "मी पुसायला घाबरत नाही. ते गेले असतील तर पुसेन. पण कोणी माणसाने सांगितलं तर पुसेन. दर्भाने सांगून नाही पुसणार."

"मग ह्यांना विचारा ना."

"शिक्षेतल्या माणसाला विचारून काय? डाव संपायला हवा." तिने झाकणावरची शेवटची ओळ दाखवली. 'उठून गेलेल्याच्या जागी त्याची बायको बसवील तो बसावा.' "मी बसवीन तो. बारा वर्षं कोणी बसायला तयार नाही. तुम्ही बसा."

"मी?"

"तुम्ही इथले नाही."

नाही म्हणायचा अधिकार माझ्या वेतनश्रेणीला नव्हता. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी बघू. ती म्हणाली, पुढच्या बुधवारी सोमवार होऊन गेलेला असेल. आज, तीन वाजता.

मधल्या वेळात मी धक्क्यावरच्या भिकाजीच्या हॉटेलात उसळ खाल्ली. कुठे चाललात, असं त्याने विचारलं आणि मी सांगितलं. त्याने माझ्या पुढ्यातली बशी उचलली. खाऊन झालं नव्हतं.

"ह्याआधी दोघे बसायला निघालेले," तो म्हणाला. "एक वाटेतच घसरला, पाय मोडला."

"आणि दुसरा?"

"दुसरा अण्णा आसोलकराशी बोलून परत आला. काय बोलणं झालं ते त्याने अजून सांगितलं नाही." भिकाजीने खाडीकडे पाहिलं. "गाव काय म्हणतो ते तुम्हाला माहीतच असेल."

"नाही."

"मग मी कशाला सांगू?" असं म्हणून तो आत गेला. उसळीचे पैसे मात्र त्याने घेतले नाहीत, आणि तेच मला सगळ्यात वाईट लक्षण वाटलं.

तीनला मी गिरणीत पोचलो तेव्हा थोरले आसोलकर, भास्करअण्णा, दारातच उभे होते. उंच, वाळके, पांढऱ्या भुवया. हातात पट्टा चढवायची लोखंडी कांब होती आणि ते ती चिंधीने सावकाश पुसत होते.

"डॉक्टर," ते म्हणाले, "पोहता येतं?"

"नाही."

"मग जाताना खाडीच्या वाटेने जाऊ नका."

मी जायलाच लागलो होतो, पण सुभद्राक्का मध्ये उभी राहिली. तिच्या हातात ते झाकण होतं.

"अण्णा, वाच."

"माका पाठ आसा."

"मग म्हण."

अण्णांनी म्हटलं नाही. "सुभद्रा, सोमवारी सगळा सुटतला. भटजीक सांगून ठेवलेला आसा. आता मढी उकरून काढू नको."

"मढा आसा तर खय आसा, ता तरी सांग," ती म्हणाली. "बस. बायकोने बसवलेलो माणूस आसा. आजोबांनी लिवलेला आसा."

अण्णांनी कांब भिंतीला टेकवली. ती घसरून पडली आणि फरशीवर एवढा आवाज झाला, की माझ्या पिशवीतल्या काचेच्या पट्ट्या वाजल्या. मग ते बसले.

आता अडचण अशी, की डाव मोडला तो दिवा लागल्यावर. म्हणजे दिवा लागलेला हवा. सुभद्राक्काने गिरणीची दोन्ही दारं ओढून घेतली, झरोक्यात पोतं कोंबलं आणि कोनाड्यात समई लावली. बाहेर दुपारचे तीन वाजले होते आणि आत आम्ही संध्याकाळ करून बसलो होतो. घराकडचं दार तेवढं एक उघडं ठेवलं, तेव्हाही उघडं होतं म्हणून; त्यातून घरापलीकडची खाडीची पट्टी दिसायची. आत्माराम आपणहून उठला आणि त्याच्या त्या जागी, दाराकडे तोंड करून, बसला. अण्णा पाठ करून. मी त्या दोघांच्या मध्ये, मनोहर कुडतरकरांच्या जागी. पोतं थोडं खोलगट होतं. मला उगाच वाटलं, की ते अजून त्यांच्याच आकाराचं आहे.

पुरचुंड्या सोडल्या. आत्मारामाने आपली गाठ सोडायला वेळ घेतला.  चुकीची उतारी बाद झालेली, त्यामुळे उतारी पुढच्याची. म्हणजे ह्या दोघांच्या भाऊजींची, कुडतरकरांची. म्हणजे माझी.

मी पानं पंख्यासारखी धरली आणि बघितली. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. मी जास्त खेळलेलो नाही, पण एवढा वाईट हात मी आजवर बघितलेला नाही. आणि माणूस म्हणून माझ्या तोंडून गेलं, "अरे, भाऊजींना राजा एकही नाही आला की!"

समईची ज्योत हलली. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. कशाने, ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी झाकण उचललं, माझ्यासमोर धरलं आणि दोन ओळींच्या मधल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

'आपल्या हाताविषयी बरेवाईट बोलेल त्यास तीच शिक्षा.'

"डॉक्टर," ते म्हणाले, "आता तोंड उघडायचं नाही."

मी 'पण' म्हणायला ओठ उघडले, आणि सुभद्राक्काने दारातून हात वर केला. तिच्या डोळ्यांत अशी काही विनवणी होती, की मी ते 'पण' गिळलं. मी बोललो असतो तर माझी पानं जळणार, डाव पुन्हा मोडणार, आणि सोमवार येणार. मी वराहाची नव्वी धरून गप्प बसलो. संस्कृतीबद्दलचा तो विचार मला इथे सुचला.

मग अण्णांनी आपली सतरा पानं नीट चळत करून पालथी ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"पाणी पिऊन येतो," ते म्हणाले.

 हे आता दारातून जाणार, आणि डाव मोडलेलाच राहणार. आत्माराम बोलणार नाही, आणि मीही. मी घरोघर जाऊन 'ताप?' विचारणारा माणूस. मला माझी आई डोळ्यांसमोर दिसली, जेवणाच्या पानावर आडवा हात धरणारा मी दिसलो, आणि हळूहळू जाड होत जाणारा मी दिसलो. मी आत्मारामाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. बारा वर्षांचा अनुभवी कैदी नव्याकडे बघतो तसा, थोडा ओशाळून.

अण्णा दारापर्यंत गेले. दारात सुभद्राक्का उभी होती. तिच्या हातात तांब्या होता, भरलेला.

"ह्या घे," ती म्हणाली. "हयच पी."

"सुभद्रा, बाजूक हो."

"बारा वर्षां मी हो तांब्या रोज भरून ठेवलंय, अण्णा. आज पयलो माणूस इलो ज्याका तहान लागली. पी."

अण्णांनी तांब्या घेतला. उभ्या उभ्या सगळं पाणी प्याले. घोट घोट, आम्हा तिघांसमोर, आणि त्यांच्या गळ्याचा आवाज गिरणीभर ऐकू येत होता. मग तांब्या खाली ठेवून ते परत आले आणि पानं उचलली.

मी कृष्णाचं एक बारकं पान टाकलं. माझ्याकडे त्याहून मोठं नव्हतंच. आत्मारामाने त्यावर कृष्णाचा राजा ठेवला. हात त्याचा. मग त्याने कृष्णाचा प्रधान टाकला. मग मत्स्याचा राजा, कूर्माचा राजा, नरसिंह. तो एक एक पान असं ठेवत होता, जसं देव्हाऱ्यात देव मांडावेत. परशुराम आला, बुद्ध आला, कल्की आला. एकाच्या हाती सात राजे. अण्णांकडे बरी पानं होती, पण राजाखाली प्रधानाचं काय चालणार? सहावा हात झाल्यावर अण्णांनी पानं बघणंच सोडलं. धाकट्या भावाचा चेहरा बघत ते हाताला येईल ते पान टाकत होते. माझी पानं तर कोणी बघत नव्हतंच.

सतराच्या सतरा हात त्याचे. असा डाव माणसाला जन्मात एकदा येतो, आणि सहसा त्या वेळी समोर कोणी नसतं.

शेवटचं पान पडलं. सुभद्राक्का आत येऊन दाराशेजारी अंधारात उभी राहिली होती.

"संपलो?" तिने विचारलं.

घरातला थोरला 'डाव संपलो' म्हणेपर्यंत डाव संपत नाही, असं झाकणावर सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात होतं. अण्णा झाकणाकडे बघत बसले. बाहेर पावसाची सर येऊन गेली. पत्र्यावर ती आलेली आणि गेलेली दोन्ही ऐकू आलं.

"म्हण, अण्णा."

"तो काय सांगतलो, ता तुका सोसतला काय?"

"म्हण."

"डाव संपलो," अण्णा म्हणाले.

माझीही शिक्षा संपली होती. आम्ही तिघेही आत्मारामाच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. घशातून आधी नुसती हवा आली. मग, पावसाळ्याभर बंद राहिलेलं दार उघडावं तसा आवाज आला.

"ती छत्री माझी होती."

 मला ती निथळणारी गोणपाटाची खोळ आठवली. बारा पावसाळे हा माणूस छत्रीवाचून काढत होता आणि घरात कोणी विचारलं नव्हतं, कारण विचारून तो सांगणार नव्हता.

"भावजी बुडले नाय," आत्माराम म्हणाला. "धक्क्यावरच्या तरीत बसले. ट्रंक घेऊन. पलीकडे बेळगावची गाडी उभी होती. मी हयसून बघलंय."

"ट्रंक," सुभद्राक्का म्हणाली. "ती दिसाक नाय, तेवा उंदरांनी खाल्ली म्हणून मी शोधूक नाय."

मग ती आत्मारामाकडे वळली.

"हाक कित्याक नाय मारलंस?"

आत्मारामाने समोरच्या चळतीवर हात ठेवला. सात राजांवर.

"हात बरो इल्लो," तो म्हणाला.

"काय?"

"बोललंय असतंय तर पानां जळली असती. असो हात माका कधी येवक नव्हतो, आक्का. माका वाटला, डाव संपल्यावर सांगूया." तो थांबला. "मगे डाव संपलोच नाय."

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"मगे तू तीन दिस दारात बसलंस," आत्माराम तिच्याकडे न बघता म्हणाला. "माका ता बघवला नाय. टाकून गेलो म्हणण्यापेक्षा बुडलो म्हटलेला बरा, म्हणून मी छत्री ठेवन इलंय."

"आणि माका वाटला, माझ्यामुळा जीव दिल्यान," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज आता आत्मारामाच्या आवाजासारखाच येत होता. "त्या दिवशी खेळताना मी बोललंय तेका. घरजावयाक राजे खयसून येतले? म्हणलंय. तो हसलो. मगे पानां बघल्यान आणि उठलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राजा एकही नाही, हे आज तुमच्या तोंडून कळलं."

 सुभद्राक्काने एकच विचारलं.

"जाताना वळान बघल्यानी?"

"बघल्यानी," आत्माराम म्हणाला. "तरीतसून माका हात केल्यानी."

"आणि तू?"

"माका खुणावूक बंदी होती."

ह्यावर काय होईल ते मला कळेना. मी पिशवीचा पट्टा घट्ट धरला. त्या अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं कुंकू दिसत होतं. ती रडेल, ओरडेल, सातही राजे समईत घालील, असं मला वाटलं, आणि ह्यातलं काहीही केलं असतं तरी तिचं चुकलं नसतं. अण्णा तर मान खाली घालून, मार खायला बसल्यासारखे बसले होते.

ती कोनाड्याकडे गेली आणि समई शांत केली. मग गिरणीचं एक दार उघडलं, दुसरं उघडलं. चार वाजताचं स्वच्छ ऊन आत आलं आणि आम्ही चौघेही डोळे चोळू लागलो. दारामागच्या भिंतीवर माझी आजची तारीख घालायची राहिली होती. हात कुठेतरी गुंतवायला हवा, म्हणून मी ती घातली आणि सही केली.

सही करून वळलो तेव्हा ती खुंटीवरून छत्री काढत होती. खाली पडलेलं जास्वंदीचं फूल तिने पायाने बाजूला सारलं. मुठीवरचं हळदकुंकू पदराच्या टोकाने पुसलं. लगेच निघालं नाही, म्हणून थुंकी लावून पुसलं. मग तिने छत्री उघडून पाहिली. बारा वर्षांनी ती कुरकुरत उघडली. एका बाजूचं कापड खाली लोंबत होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "वाटेत भटजींचं घर लागतं. सोमवारी येऊ नका म्हणून सांगा त्यांना."

"सांगतो."

तिने छत्री मिटली, बंद बांधला आणि माझ्या हातात दिली.

"आणि वाडीलाच चालला आहात तर हिची एक काडी मोडली आहे, तेवढी बसवून आणाल का? आत्म्याला पावसात जायला होईल."